निफाडला पारा ४ वर, तरी पानावर बर्फ कसा? आणि पाणी सोडून बाग वाचते ती नेमकी कशाने?

उगावचा_बागाईतदार

रामराम मंडळी. थंडी परत वाढलीय, पेपरला कुंदेवाडीच्या हवामान केंद्राचा आकडा ४ च्या आसपास आलाय, आणि आमच्या द्राक्षबागेत ओढ्याकडच्या शेवटच्या ओळींत पहाटे पानांवर पांढरं कवच दिसलं. नखाने खरवडलं तर कुरकुरीत, म्हणजे बर्फच, दव नाही. आता पारा शून्याच्या वर असताना पाणी गोठतंच कसं हा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. आमच्याकडे वडिलांच्या काळापासून पद्धत आहे, थंडी पडली की पहाटे मोटर चालू करायची, पाणी सोडायचं, बांधाला शेकोट्या पेटवायच्या. काम होतं हे माहितीय पण का होतं ते धड कोणी सांगत नाही. पुतण्या दहावीला आहे, तो म्हणतो काका पाणी गोठताना उष्णता देतं, पुस्तकात आहे, अप्रकट उष्मा. मी म्हटलं अरे गोठणं म्हणजे गार होणं, गार होणारी वस्तू दुसऱ्याला गरम कशी करेल? तर म्हणतो तेवढं परीक्षेत विचारत नाहीत.

आणि आता व्हॉट्सॲपवर व्हिडिओ फिरतोय, परदेशात रात्रभर स्प्रिंकलर चालवून कळ्या बर्फात गोठवून ठेवतात आणि म्हणे त्यानेच कळी वाचते. आमच्याकडचे दोघंतिघं पाईप आणायला निघालेत. करावं का हे? मणी फुगवणीला आहे, रिस्क घ्यायची तयारी नाही. जाणकारांनी सविस्तर लिहा, नुसत्या लिंका टाकू नका.

गोदाकाठ_मॅडम

दादा, पहिल्याचं उत्तर सोपं आहे म्हणून ते आधी घेते. पेपरातला आकडा तुमच्या पानाचा नसतो, हवेचा असतो. वेधशाळेचा थर्मामीटर जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत ठेवतात, ऊन नको, वारा थेट नको, वरचं आकाश दिसायला नको. तुमचं पान मात्र उघड्या आकाशाखाली पडलेलं असतं. निरभ्र आणि वारा नसलेल्या रात्री पान आपली उष्णता किरणांच्या रूपात थेट वर सोडत राहतं आणि आजूबाजूच्या हवेपेक्षा ३-४ अंशांनी सहज गार होतं. त्यात गार हवा जड, ती उतार धरून ओढ्याकडे, नदीकडे जाऊन साचते. निफाडचा बराच भाग गोदावरी आणि कादवेच्या सखल पट्ट्यात आहे, तिथे नाशिक शहरापेक्षा पारा नेहमी खाली का असतो त्याचं एक कारण हेच. तुमच्या नेमक्या ओढ्याकडच्याच ओळी धरल्या यात नवल काहीच नाही. ढग आले की बघा, त्या रात्री पान एवढं गार होत नाही.

दुसऱ्यावर सावकाश लिहिते, शाळेत तास आहे आत्ता.

सिडकोचा_पक्या

शेकोटीच्या धुराने ढगासारखं छत तयार होतं आणि गारठा खाली येत नाही असं ऐकलंय. टायर जाळले तर जास्त धूर होईल ना.

पिंपळगावकर_आप्पा

टायर अजिबात जाळू नका रे बाबांनो. काजळी घडावर बसते, माल एक्स्पोर्टचा असेल तर संपलाच, आणि शेजारच्या वस्तीतली म्हातारी माणसं खोकून बेजार होतात ते वेगळंच. धुराचा उपयोग लोक समजतात तेवढा होत नाही, धुराचे कण इतके बारीक असतात की जमिनीतून वर निघालेली उष्णता त्यांतून बरीचशी आरपार जाते. उपयोग होतो तो जाळाच्या उबेचा. तोही एकच मोठा होळीसारखा जाळ केला तर गरम हवेचा झोत सरळ वर निघून जातो आणि बागेला काही मिळत नाही, छोट्या छोट्या शेकोट्या ओळींमधून पसरून लावल्या तरच खालची हवा जरा हलते आणि वरच्या थोड्या उबदार थरात मिसळते. थंडीच्या रात्री जमिनीलगत गार आणि वर चढलं की गरम असं उलटं असतं, रात्री गच्चीवर जाऊन बघा.

गोदाकाठ_मॅडम

आता दुसरा प्रश्न. दहावीच्या पोरांचा गोंधळ सहावी-सातवीपासून सुरू होतो कारण आपण त्यांना तीन चित्रं दाखवतो, स्थायूत कण चिकटून, द्रवात थोडे सुटे, वायूत लांब लांब, आणि पोरं त्यातून असं धरून बसतात की स्थायूतले कण हलतच नाहीत. हलतात. चांगले जोरात हलतात, फक्त जागा सोडत नाहीत. तुमच्याच बागेतलं बघा, मांडवाच्या तारेला बांधलेली काडी वाऱ्यात सारखी थरथरत असते पण तारेवरची जागा सोडून जात नाही, स्थायूतला कण तसा. द्रवात ती बांधणी सुटते, कण एकमेकांना धरून असतात पण शेजारी बदलत राहतात. आणि ते चित्रातलं द्रवातलं अंतर तर फारच वाढवून दाखवलेलं असतं, पाण्यातले रेणू जवळपास एकमेकांना टेकलेलेच आहेत, म्हणून तर पाणी दाबून आवळता येत नाही. आपल्या साध्या हवेत मात्र दोन रेणूंमधलं अंतर रेणूच्या आकाराच्या साधारण १० पट असतं.

आता मुद्दा. थर्मामीटरला फक्त एक गोष्ट कळते, कण सरासरी किती जोरात हलतायत. ते एकमेकांना किती घट्ट धरून आहेत हे थर्मामीटरला कळत नाही. आणि अवस्था बदलताना सगळी देवाणघेवाण त्या धरण्यासोडण्याची असते. बर्फ वितळताना तुम्ही देता ती उष्णता बांधणी सोडवण्यात जाते, कणांचा वेग वाढवण्यात नाही, म्हणून पारा ० वर खिळून राहतो. गोठताना उलट, बांधणी जुळते आणि जी उष्णता वितळवताना घातली असती तेवढीच्या तेवढी बाहेर येते.

घरी करून बघायला सांगा पुतण्याला. पातेल्यात पाणी उकळायला ठेव, थर्मामीटर बुडव, उकळी आल्यावर गॅस दुप्पट मोठा कर. पारा हलणार नाही, वाफ फक्त जास्त निघेल. आणि हो, नाशकात तो १०० वर नाही तर ९८ च्या जवळ थांबेल, आपण समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या आसपास उंच आहोत, हवेचा दाब कमी, उत्कलनबिंदू खाली. दरवर्षी कुणीतरी प्रयोगाच्या वहीत थर्मामीटर खराब आहे असं लिहून येतो. कळसूबाईवर, १६४६ मीटरवर, तर ९५ च्याही जरा खालीच उकळेल, तिथे डाळ शिजवत बसू नका.

ओझर_टाऊनशिप

मॅडम पटलं पण एक अडतंय. गोठताना कण धावायचे थांबतात, बरोबर? मग थांबले म्हणजे वेग गेला, वेग गेला म्हणजे गार झालं. उष्णता बाहेर येते कुठून?

गोदाकाठ_मॅडम

थांबत नाहीत हेच तर सांगतेय 🙂 ० अंशाचं पाणी आणि ० अंशाचा बर्फ, दोन्हीत रेणूंच्या हालचालीची सरासरी ऊर्जा सारखीच धरा, तापमान सारखं आहे ना. फरक आहे तो ओढीचा. पाण्याच्या रेणूंना एकमेकांची ओढ असते, मोकळा असलेला रेणू बर्फाच्या रचनेत जाऊन बसतो तेव्हा ती ओढ त्याला खेचून घेते, खेचला जाताना त्याला वेग येतो, आणि बसल्यावर तो वेग धडकीतून शेजाऱ्यांना वाटला जातो. शेजारी म्हणजे उरलेलं पाणी, पान, हवा, जे टेकलेलं असेल ते. ती ऊब कुणी उचलून नेली नाही तर गोठणं तिथेच थांबतं. तुमच्या बागेत ती ऊब वर उघडं आकाश उचलून नेत असतं, सारखं.

आकडे सांगते म्हणजे अंदाज येईल. १ लिटर पाणी १ अंशाने गार झालं की १ किलोकॅलरी सोडतं. तेच १ लिटर पाणी ० अंशाला, पारा जराही न हलता, नुसतं गोठलं की ८० किलोकॅलरी सोडतं. म्हणजे ८० अंशांचं गरम पाणी ० पर्यंत गार केल्याइतकी उष्णता, आणि थर्मामीटरला पत्ताच नाही.

सातपूर_फाउंड्रीवाला

हे आम्ही रोज बघतो बरं का, शाळेत कधी कळलं नव्हतं. भट्टीतलं मेटल तपासायला छोट्या कपात ओततात, कपात थर्मोकपल असतं, स्क्रीनवर तापमानाची रेघ खाली खाली येत असते आणि एका ठिकाणी ती आडवी होते. मेटल तर बाहेर उष्णता फेकतंय, हात जवळ नेता येत नाही, पण आकडा हलत नाही. तीच गोठण्याची वेळ. शुद्ध ॲल्युमिनियम असेल तर ६६० ला रेघ एकदम सपाट, मिश्रधातू असेल तर एका आकड्यावर न गोठता थोड्या रेंजमध्ये गोठतं म्हणून रेघ तिरकी जाते, मध्ये मऊ लापशीसारखं असतं.

आणि अजून एक, पाणी गोठताना फुगतं ना, आमचं मेटल उलट आकसतं. ॲल्युमिनियम गोठताना साधारण ६ टक्के आकसतं म्हणून साच्याला रायझर ठेवावाच लागतो, कास्टिंग आकसत जातं तसं रायझरमधलं पातळ मेटल आत भरत जातं. रायझर आधी गोठला की आत पोकळी, मग क्वालिटीवाले सगळा लॉट परत पाठवतात. पाणीच जगावेगळं आहे.

गोदाकाठ_मॅडम

फाउंड्रीवाले दादा, हे वर्गात सांगणार मी, परवानगी आहे असं धरते. पाण्याचं कारण म्हणजे बर्फात रेणू षटकोनी जाळीत बसतात आणि त्या जाळीत पोकळ जागा खूप राहते. ९ टक्क्यांच्या आसपास जागा वाढते, म्हणून बर्फ तरंगतो आणि फ्रीजरमधली काठोकाठ भरलेली बाटली फुटते. बहुतेक पदार्थ ॲल्युमिनियमसारखेच वागतात.

पंचवटीतला_अभ्यासू

म्हणजे थंडीत द्राक्षाच्या पेशीतलं पाणी गोठून फुगतं आणि पेशी फुटतात. झालं की उत्तर.

पिंपळगावकर_आप्पा

एवढं सरळ नाही ते. बर्फ पहिला धरतो तो सहसा पेशीच्या आत नाही, दोन पेशींच्या मधल्या जागेत, कारण पेशीच्या आत साखर, क्षार विरघळलेले असतात आणि त्याने गोठणबिंदू खाली जातो. साखर भरलेल्या मण्याचा रस गोठायला शून्याच्याही खाली दोनेक अंश जावं लागतं. बाहेर बर्फ झाला की तो पेशीतलं पाणी बाहेर ओढतो, पेशी सुकून मुरगळते, पडदा फाटतो. म्हणून ऊन वर आल्यावर पान शिजल्यासारखं काळं पडतं.

आणि आपल्याकडचं खरं नुकसान बहुतेक वेळा गोठण्याचं नसतंच हे लक्षात घ्या. हवा ४-५ वर आली की वेलीचं काम मंदावतं, मुळी अन्न उचलत नाही, फुगवण थांबते, पहाटे गार आणि दुपारी २८ अशा उड्या झाल्या की मणी तडकतात, साखर भरायला लागलेला माल गुलाबी पडतो. बर्फ दिसतो तो ओढ्याकाठच्या चार ओळींत, नुकसान पसरतं सगळ्या बागेत. तेव्हा इलाज करताना कशासाठी करतोय ते ठरवा.

उगावचा_बागाईतदार

आप्पा, मॅडम, सगळ्यांचे आभार. मग स्प्रिंकलरचं काय? ८० किलोकॅलरी म्हणजे मोठा आकडा झाला की. परदेशातला व्हिडिओ खरा ना मग?

गोदाकाठ_मॅडम

व्हिडिओ खरा असू शकतो, पद्धत खरीच आहे. कळीवर सतत पाणी पडतं, सतत गोठतं, गोठणाऱ्या प्रत्येक थेंबातून ऊब सुटते, आणि जोवर कळीच्या अंगावर ओला बर्फ आहे तोवर तिचं तापमान ० च्या आसपास टिकून राहतं. बाहेर उणे ४ असलं तरी. फळझाडाच्या कळीला ० चालतं, उणे ३ चालत नाही, एवढ्याच फरकावर तो सगळा खेळ आहे. बर्फाचा थर पांघरुणासारखा ऊब धरून ठेवतो असं लोक समजतात पण नुसत्या बर्फाने काही होत नाही, गोठण्याची क्रिया चालू राहिली पाहिजे. पाणी बंद पडलं की तोच बर्फ कळीला हवेबरोबर खाली घेऊन जातो.

आणि आता धोक्याचा भाग, हा व्हिडिओत नसतो. पाणी गोठताना देतं तसं उडून जाताना घेतं, आणि घेतं फार जास्त. या थंडीत १ लिटर पाण्याची वाफ व्हायला ६०० किलोकॅलरीच्या आसपास लागतात. गोठताना मिळतात ८०. म्हणजे १ लिटर उडालं तर साडेसात लिटर गोठल्यावर हिशोब बरोबरीत येतो. हवा कोरडी असेल, थोडा वारा असेल आणि पाणी कमी पडत असेल तर तुम्ही पान गरम नाही, गार करताय, माठासारखं. रात्री मध्येच लाईट गेली की पानं ओली, मोटर बंद, आणि न भिजवलेल्या शेजारच्या बागेपेक्षा तुमची बाग जास्त गार.

मखमलाबाद_ताई

हे लाईटचं बरोबर बोललात. आमच्या फीडरला शेतीची लाईट कधी रात्रीची कधी दिवसाची, आणि पहाटे ४ ला नेमका डीपी (ट्रान्सफॉर्मर) उडतो. रात्रभर न थांबता पाणी पाडायच्या पद्धती तिकडच्या लोकांना परवडतात, आपण तर मोटर चालू झाली का बघायला मोबाईलवर मिस्ड कॉल देतो 😄

पिंपळगावकर_आप्पा

आणि लाईट असली तरी आपल्या द्राक्षाला वरून पाणी नकोच. कळीला चालत असेल, पण आपला माल डिसेंबर-जानेवारीत घडावर आहे. घड रात्रभर ओला म्हणजे डावणी रोगाला आमंत्रण, वर मणी पाणी पिऊन तडकणार. शिवाय निफाडला हवा शून्याच्या खाली रात्रभर राहते असं होत नाही, म्हणजे गोठण्याची ऊब मिळायची वेळच क्वचित, उडण्याचा तोटा मात्र रोज. पाईप आणायला निघालेत त्यांना थांबवा.

जुनी पद्धत चांगली आहे आणि ती चालते त्यात गोठण्याचा संबंध जवळपास नाही. विहिरीचं, बोअरचं पाणी थंडीत हाताला कोमट लागतं की नाही? २२-२४ अंश धरा. ते जमिनीवर येऊन ४ पर्यंत उतरलं तर लिटरमागे १८-२० किलोकॅलरी सोडतं. एकराला १० हजार लिटर सोडलं तर २ लाख किलोकॅलरी झाल्या, साधारण ५५ किलो वाळलेलं लाकूड जाळल्याइतक्या. सगळी ऊब पानाला मिळत नाही, बरीचशी मातीच पिते, पण लाकडाची ऊब जशी झटकन वर निघून जाते तशी ही जात नाही, खालून हळूहळू सुटत राहते.

दुसरं, ओली माती. कोरड्या मातीत मध्ये मध्ये हवा असते, हवा उष्णता नेत नाही, त्यामुळे दिवसा खाली मुरलेली ऊब रात्री वर येतच नाही. ओल्या मातीत ती येते. म्हणून थंडी येणार असं कळलं की आदल्या दिवशी दुपारीच जमीन ओली करून ठेवा, पहाटेचं पाणी त्याच्या जोडीला. बोदावरचं, म्हणजे वेलीखालच्या मातीच्या वरंब्यावरचं, गवत दाट असेल तर तेही माती आणि वेलीच्या मध्ये अंथरुणासारखं पडून राहतं, काढून टाका किंवा अगदी बुटकं ठेवा. शेततळ्यातलं पाणी वापरणार असाल तर हात घालून बघा, वरचा थर रात्री चांगलाच गार झालेला असतो, विहिरीचं घ्या.

कॉलेजरोड_इंजिनियर

धाग्याचा विषय कणांचा आहे म्हणून एक पिंक टाकतो. वायूतले कण किती पळतात याचा अंदाज बहुतेकांना नसतो. आपल्या खोलीतला नायट्रोजनचा रेणू सरासरी ४५०-५०० मीटर सेकंदाला धावतो, म्हणजे सीबीएस बसस्टँडवरून निघाला आणि आडवं कोणी आलं नाही तर नाशिकरोड स्टेशनला वीस सेकंदांत. पण मध्ये आडवे येतात, सेकंदाला काही अब्ज टकरी होतात, मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढंही अंतर तो सलग जात नाही. म्हणून देवघरात उदबत्ती लावली तर किचनमध्ये वास यायला वेळ लागतो, आणि तोही मुख्यतः हवेच्या झुळकीने येतो, कणांच्या स्वतःच्या भटकण्याने यायचा तर जेवणं उरकली असती.

कण आहेत हे लोकांनी मान्य केलं तेही फार उशिरा. १८२७ ला रॉबर्ट ब्राऊनने सूक्ष्मदर्शकाखाली पाण्यातल्या परागकणांमधले बारीक कण थरथरताना पाहिले, त्याला आधी वाटलं जिवंत असतील, मग दगडाचं पीठ टाकलं तर तेही थरथरलं. हिशोब लावला आईन्स्टाईनने १९०५ ला, मोजून दाखवलं पेराँने, त्याला १९२६ चं नोबेल मिळालं. त्याआधी अणू ही नुसती हिशोबाची सोय आहे म्हणणारे मोठमोठे लोक होते.

मखमलाबाद_ताई

मग माझा एक. डबीतला कापूर झाकण नीट न लावता ठेवला तर महिन्याभरात निम्मा होतो, ओल कुठेच नाही, पाणी कुठेच नाही. म्हणजे स्थायूतला कणही पळून जातो की, जागा कुठे धरून बसला?

गोदाकाठ_मॅडम

अगदी बरोबर पकडलंत ताई. आतला कण जागा सोडत नाही, पृष्ठभागावरच्याला मात्र एका बाजूने शेजारीच नाही, आणि कापराच्या रेणूंची आपसातली ओढ कमी. एखाद्याला टकरीतून जरा जास्त वेग मिळाला की तो सुटला. डांबराच्या गोळ्याही तशाच. झाकण घट्ट असेल तर सुटलेले आतच राहतात आणि परत येऊन बसतात, जितके सुटतात तितकेच बसतात, म्हणून कापूर टिकतो. डबीच्या झाकणाला आतून बारीक चकचकीत कण लागलेले दिसतील, ते वाफेतून थेट स्थायू झालेले. पानावर पांढरं पडतं त्यातलंही बरंचसं असंच, हवेतली वाफ दव न होता थेट बर्फ होऊन बसते.

द्वारका_मिसळवाला

धागा भारी चाललाय म्हणून विचारतो. आमच्याकडे भट्टीला १९ किलोची टाकी आहे, सकाळच्या गर्दीत सलग चालते. थंडीत टाकीच्या बाहेरून खालच्या बाजूला पांढरा बर्फ धरतो, जाळ बारीक होतो आणि पोरं म्हणतात गॅस संपला. टाकी हलवली तर आत डुचमळतंय. कंपनी फसवते का?

सातपूर_फाउंड्रीवाला

फसवत नाही कोणी. आत गॅस दाबाने द्रव करून भरलाय, प्रोपेन आणि ब्युटेन. तुम्ही जाळता तो वायू, तो आतल्या आत उकळून तयार होतो, आणि उकळायला उष्णता पाहिजे, ती घेतो टाकीच्या पत्र्यातून आणि पत्रा घेतो हवेतून. भट्टी मोठी, ओढ जास्त, हवा गार, मग पत्र्याला तेवढी उष्णता मिळत नाही, द्रव गार होत जातो, दाब पडतो. ब्युटेन तर शून्याच्या आसपास उकळायचंच थांबतं, प्रोपेन उणे ४२ पर्यंत साथ देतं म्हणून आधी प्रोपेन निघून जातं आणि शेवटी राहिलेलं जड जड. बर्फाची रेघ जिथपर्यंत आहे तिथपर्यंत आत द्रव आहे, मीटरच समजा.

उपाय म्हणजे दोन टाक्या जोडून घ्या, म्हणजे प्रत्येकीवरची ओढ अर्धी होते, जोडणी एजन्सीच्या माणसाकडून करून घ्या. टाकीखाली जाळ करायचा नाही, आडवी पाडून चालवायची तर मुळीच नाही. आडव्या टाकीतून द्रव सरळ पाईपमध्ये येतो, आणि तो वायू होताना अडीचशे पट पसरतो. हॉटेल राहायचं नाही.

द्वारका_मिसळवाला

आडवी करायची आयडिया पोराने दिलीच होती, बरं झालं विचारलं. या मिसळ खायला, दुसरा पाव आमच्याकडून.

ओझर_टाऊनशिप

पसरण्यावरून आठवलं. २०२१ च्या एप्रिलमध्ये आपल्या नाशकात ऑक्सिजनच्या टाकीतून गळती झाली तेव्हा टीव्हीवर जो पांढरा धूर दिसत होता तो ऑक्सिजनच ना?

कॉलेजरोड_इंजिनियर

नाही. ऑक्सिजन वायूला रंग नसतो, दिसत नाही. टाकीत तो उणे १८३ अंशाला द्रव असतो, बाहेर पडताच उकळतो आणि आजूबाजूची हवा एवढी गार करतो की हवेतलीच वाफ बारीक थेंब होऊन पांढरी दिसते. १ लिटर द्रवाचा साडेआठशे लिटरच्या आसपास वायू होतो. एवढ्या जागेत एवढा साठा ठेवता येतो म्हणून द्रव करतात, आणि गळती झाली की दाब इतक्या लवकर पडतो तोही त्याचमुळे. त्या दिवशी लोकांचे जीव गेले त्या पांढऱ्या ढगाने नाही, वॉर्डातला ऑक्सिजनचा दाब पडला म्हणून. त्यावर इथे जास्त लिहीत नाही.

पंचवटीतला_अभ्यासू

अवस्था तीन नाहीत, प्लाझ्मा आणि बोस-आईन्स्टाईन धरून पाच आहेत, कोणी बोललंच नाही.

गोदाकाठ_मॅडम

पाचवरही थांबत नाही ते, मोजत बसलं तर यादी वाढते. प्लाझ्मा म्हणजे अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटलेले, विजेचा लोळ, पेटलेली ट्यूबलाईट, सूर्य. आणि दुसऱ्याचा, म्हणजे बोस-आईन्स्टाईन अवस्थेचा, पाया सत्येंद्रनाथ बोसांनी १९२४ ला घातला, प्रत्यक्ष प्रयोगात दिसलं १९९५ ला, रुबिडियमचे अणू निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ नेऊन. द्राक्षाला दोन्हीचा उपयोग नाही, पुढे चला.

सिडकोचा_पक्या

काच द्रव आहे ना पण? जुन्या वाड्यातल्या काचा खाली जाड असतात, हळूहळू वाहून.

सातपूर_फाउंड्रीवाला

पक्या, काच स्थायूच आहे, फक्त आतले कण जाळीत न बसता अस्ताव्यस्त अवस्थेत अडकलेत. वाड्याच्या काचा खाली जाड त्या वाहून नाही झालेल्या. जुन्या काळी काच एकसारख्या जाडीची बनतच नव्हती, बसवणाऱ्याने जाड बाजू खाली ठेवली. काही खिडक्यांना वरची बाजू जाड सापडते, ती काय वर वाहिली?

उगावचा_बागाईतदार

हसून घेतलं 😀 बरं मंडळी, स्प्रिंकलर रद्द. पुतण्याला धागा वाचायला दिलाय, तो आता आप्पांचा २ लाखांचा हिशोब तपासतोय. शेवटचं एक विचारतो. मोटर किती वाजता चालू करायची हे कसं ठरवायचं? रोज रात्रभर जागणं होत नाही, आणि पेपरचा आकडा दुसऱ्या दिवशी येतो.

पिंपळगावकर_आप्पा

थर्मामीटर बागेतच लावा, घराच्या भिंतीवर नको, भिंत रात्रभर ऊब सोडते. ओढ्याकडच्या शेवटच्या ओळीत, घडाच्या उंचीला, मांडवाच्या तारेखाली. दुसरा वरच्या बांधाकडच्या ओळीत. दोन-तीन रात्री बघितलं की दोन्हीत किती फरक पडतो ते कळेल, मग ओढ्याकडे ६ दिसले की मोटर.

गोदाकाठ_मॅडम

त्यात माझी भर. एका थर्मामीटरच्या फुग्याला ओली सुती वात गुंडाळा, टोक पाण्याच्या बाटलीत. ओला-कोरडा असा जोड तयारही मिळतो. संध्याकाळी दोघांत फरक थोडा असेल तर हवेत वाफ भरपूर आहे, रात्री दव लवकर पडेल, आणि दव पडताना वाफेचं पाणी होतं तेव्हा तीच ६०० किलोकॅलरी परत मिळते, पारा घसरण्याचा वेग कमी होतो. अशी रात्र बऱ्यापैकी निभते. फरक ७-८ अंशांचा असेल तर हवा कोरडी, दवाचा आधार नाही, पारा पहाटेपर्यंत घसरतच जाणार. त्या रात्री पारा ६ वर यायची वाट बघू नका, ८ अंशालाच उठा.

उगावचा_बागाईतदार

आज संध्याकाळचं बघितलं, कोरडा १७, ओला १० वर आहे.

पिंपळगावकर_आप्पा

मग गजर लावूनच झोपा. आणि स्टार्टरचा फ्यूज आत्ताच बघून ठेवा.